सोबत जोडले : पँट, नग 1

गणित शिकवण्यात माझी हयात गेली. तीस आणि दहा किती, असं विचारल्यावर कुणी सदतीस सांगितलं, तर त्याला बाकावर उभं करायची आमच्या काळी पद्धत होती. निवृत्त झाल्यावर कळलं की सदतीस हे उत्तर बरोबर असू शकतं. फक्त प्रश्न दवाखान्यात विचारायला हवा.

दिव्यांगत्व मोजायची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सध्याची मार्च 2024 च्या राजपत्रातली. एकाच माणसाला दोन अपंगत्वं असली तर त्यांची बेरीज कशी करायची, याचं सूत्र आहे. मोठा आकडा अ, छोटा ब. नव्वदातून अ वजा करा, त्याला ब नं गुणा, नव्वदनं भागा आणि येईल ते अ मध्ये मिळवा. पायाचे 30 आणि कानाचे 10 घातले की उत्तर येतं 36.67. प्रमाणपत्रावर 37 लिहितात.

हे सूत्र खोटं पाडायला मी एका रात्री वही घेऊन बसलो. पडलं नाही. उलट आवडलं. ज्यानं कुणी बसवलं त्याला गणित येत होतं. साधी बेरीज केली तर साठ आणि साठवाला माणूस एकशेवीस टक्के दिव्यांग ठरेल, आणि शंभराच्या वरच्या माणसाला अनुदान द्यायचं की श्रद्धांजली, असा पेच पडेल. या सूत्रात नव्वदपर्यंतचे कुठलेही दोन आकडे घाला, कुणी नव्वदच्या पुढे जात नाही. तेव्हा माझं भांडण सूत्राशी नाही, चाळीसच्या रेघेशी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, फार चांगलं केलं. पण सवलत, राखीव जागा, अनुदान यातलं बहुतेक सगळं चाळीस टक्क्यांपासून सुरू होतं. शाळेत पस्तीसला पास होतं आणि तेहतीसवाल्याला आम्ही ग्रेस देऊन वरच्या वर्गात ढकलायचो. इथे सदतीसवाला नापास, आणि ग्रेस नाही.

आता सदतीसवाल्याची ओळख करून देतो. आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडमागे एक शिलाईचं दुकान आहे. मालक, कारागीर, कटिंग मास्टर आणि झाडूवाला हे चारही एकच गृहस्थ. अख्खं गाव त्यांना टेलरमामा म्हणतं. वय एकसष्ट. लहानपणी पोलिओ होऊन उजवा पाय गेला. म्हणजे पाय आहे, पण त्याच्यावर भरवसा नाही. देश पोलिओमुक्त झाल्याचं 2014 साली जाहीर झालं, ती बातमी मामांनीच मला मशीनवर बसून मोठ्यानं वाचून दाखवली होती, आणि त्यांना खराखुरा आनंद झाला होता. अलीकडे कानही कमी झाला आहे. चाळीस वर्षं मशीनच्या खडखडाटाशेजारी बसल्यावर कानानं तरी किती साथ द्यावी.

मामांकडे जुनं प्रमाणपत्र होतं. हातानं लिहिलेलं, 45 टक्के, खाली डॉक्टरची सही आणि सहीवर चहाचा डाग. त्यावर त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळत. तालुक्याला या योजनेचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. सगळे 'संगायो' म्हणतात. 1980 पासूनची योजना. रक्कम पूर्वी सहाशे, मग हजार, 2023 मध्ये दीड हजार. आणि 2025 मध्ये सरकारनं दिव्यांगांसाठी ती अडीच हजार केली. मामींनी पेपरातलं ते कात्रण देवापुढे ठेवलं.

त्याच सुमारास निरोप आला की जुनं प्रमाणपत्र चालणार नाही, नव्यानं तपासणी करून यूडीआयडी कार्ड आणा. मामा गेले. आणि पंचेचाळीसचे सदतीस होऊन परत आले. साठीनंतर माणसाचा पाय सुधारल्याचं हे आमच्या तालुक्यातलं पहिलंच उदाहरण असावं.

कार्डाच्या रंगाचा घोळ वेगळाच. चाळीसच्या आतल्याला पांढरं कार्ड, चाळीसपासून पिवळं, ऐंशीपासून निळं. मामांना पांढरं आलं. आता महाराष्ट्रात पांढरं कार्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रेशन कार्ड येतं आणि पांढरं रेशन कार्ड म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. मामींनी भिशीत सांगितलं की यांना पांढरं कार्ड झालं, तर दोघीजणींनी त्यांच्याकडे पाचशे रुपये उसने मागितले.

मी मामांना विचारलं, तपासणीला नेमकं झालं काय? तेव्हा जे कळलं त्यावरून माझी खात्री झाली की डॉक्टरची चूक असेल तर थोडी, खरा घात केला तो मामांच्या वागणुकीनं.

डॉक्टरनं विचारलं, "काय म्हणताय मामा, बरं आहे ना?"

मामा म्हणाले, "एकदम मस्त!"

आपल्याकडे बरं आहे ना या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. दवाखान्यात सलाईन लावलेला माणूससुद्धा भेटायला आलेल्याला "बरं आहे, तुमचं कसं काय?" म्हणतो. शिवाय मामांनी आयुष्यभर एकच कला जोपासली, लंगडणं लपवायची. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हा आधी जाऊन बसले आणि सगळे उठल्यावर उठले. मामींना पायाचं कळलं ते अक्षता पडल्यावर सप्तपदीत. चपलेच्या टाचेला चांभाराकडून चामड्याचे जादा थर. गिऱ्हाईक आलं की मामा टेबलाच्या मागे. अशा माणसाला डॉक्टर म्हणतो, जरा चालून दाखवा. मामा जे चालले म्हणता! मुलगी बघायलासुद्धा एवढं नीट चालले नसतील.

कानाची तपासणी त्याहून भारी. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. काचेपलीकडे एक मुलगी यंत्र घेऊन बसली होती. मामांना काही ऐकू येईना. पण ती पोरगी इतक्या मन लावून काहीतरी करत होती की मामांना वाईट वाटलं. मग त्यांनी तिच्या हाताकडे बघून बटण दाबायला सुरुवात केली. "बिचारीची मेहनत वाया नको जायला, मास्तर." नशीब, पुढे आणखी एक चाचणी होती, जिच्यात माणसाला बटण देत नाहीत, झोपवतात आणि मेंदूकडून थेट उत्तर घेतात. मामांचा मेंदू मामांइतका सौजन्यशील नसल्यामुळे ते दहा टक्के तरी मिळाले.

शेवटी पायाची लांबी. मामांना टेबलावर आडवं करून डॉक्टरनं टेप काढला. चाळीस वर्षं मामांनी गिऱ्हाइकांना सांगितलंय, टेप लागला की हलायचं नाही, सरळ राहायचं. टेप दिसताच मामा आपोआप ताठ झाले. श्वास रोखला, कंबर खेचली, आखडलेला पाय ओढून लांब केला. डॉक्टरनं लिहिलं : आखूड, दीड इंच.

"दीड?" मी म्हणालो. "आणि खरं किती?"

मामा चक्क दुखावले. "दोन! मी माझी पँट शिवतो, मास्तर. डावी एकोणचाळीस, उजवी सदतीस. आजपातुर कधी पाव इंचाचा फरक न्हाई."

इथे माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. पाय आखूड असल्याबद्दल टक्के कसे देतात, तर पहिला अर्धा इंच माफ आणि पुढच्या दर अर्ध्या इंचाला 4 टक्के. दीड इंचाला 8, दोन इंचाला 12. म्हणजे पायाचे 30 नव्हे, 34. आता सूत्रात 34 आणि 10 घाला. नव्वदातून चौतीस गेले छप्पन्न, गुणिले दहा, भागिले नव्वद, 6.22. अधिक 34. एकूण 40.22!

अडीच हजार रुपये महिना आणि मामांच्या मध्ये अर्धा इंच उभा होता. तेवढं तर शिलाईतसुद्धा दाबायला कापड सोडतात.

कायद्याचं 58 वं कलम प्रमाणपत्र देतं आणि 59 वं सांगतं की निर्णय मान्य नसेल तर अपील करा. छोटंसं कलम आहे, पण त्याच्यापाशी पोचेपर्यंत आम्हाला भेटलेल्या प्रत्येकानं वेगळी वाट दाखवली. संगायोच्या टेबलावर म्हणाले, टक्के आमच्याकडे नाहीत, दवाखान्यात जा. दवाखान्यात म्हणाले, पैसे आमच्याकडे नाहीत, तहसीलला जा. दोघेही खरं बोलत होते हेच अवघड. अनुदान मंजूर करायला तालुक्याची समिती असते, आणि सरकार बदललं की समित्या बदलतात. त्यामुळे एका कार्यकर्त्यानं सल्ला दिला की पायाचं राहू द्या, मामांना आधी पक्षात घ्या.

आणखी एक अडथळा उत्पन्नाच्या दाखल्याचा. या योजनेत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा पन्नास हजार. त्यामुळे महाराष्ट्रात महसूल खात्याच्या कागदावर भेटणारी माणसं आणि रस्त्यावर भेटणारी माणसं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दारात ट्रॅक्टर उभा असलेल्या माणसाचं उत्पन्न दाखल्यावर वीस हजार असतं, आणि तो दाखला न्यायला तो चारचाकीतून येतो. मामांचा दाखला अठ्ठेचाळीस हजारांचा. रेडिमेड आल्यापासून नव्या कपड्याला कोण येतं? चेन बदला, मोहरी कमी करा, कंबर एक इंच सोडा, एवढंच काम. महिन्याला चार हजार मिळाले तर मिळाले. आमच्या तालुक्यात ज्याचा उत्पन्नाचा दाखला खरा आहे असे मामा बहुधा एकटेच असतील, आणि त्यामुळेच त्याची सगळ्यात जास्त चौकशी झाली.

मग अपील लिहिणं आलं. तहसीलबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्याकडे तयार नमुना होता. त्यानं विचारायच्या आत लिहायला घेतलं, "मी अत्यंत गरीब असून माझा सांभाळ करणारे या जगात कोणीही नाही..."

मामी शेजारीच उभ्या होत्या. "कोणीही न्हाई? मग सकाळी भाकरी कुणी थापली?"

"अहो वहिनी, असं लिहावं लागतं."

"लिहा की. मग आजपासून ह्यांना झाडाखालीच जेवायला वाढा."

ते अपील तिथेच बारगळलं. दुसरं मी लिहिलं. समजा, सिद्ध करा, रीत, म्हणून, अशा क्रमानं. वर आकृती काढली, दोन पाय, अ आणि ब, फरक दोन इंच. सूत्र मांडलं, किमती घातल्या, शेवटी 40.22 ला चौकट केली. वाचून दाखवल्यावर मामा म्हणाले, "झकास झालंय. पण ह्यात पुरावा कुठाय?"

तोही मुद्दा होता. डॉक्टरच्या टेपविरुद्ध माझा शब्द कोण धरणार? मामा उठले, आत गेले आणि एक पँट घेऊन आले. करड्या टेरिकॉटची, धुऊन धुऊन पातळ झालेली. टेबलावर पसरली, शिवणीवर शिवण ठेवली. उजवी मोहरी डाव्याच्या बरोब्बर दोन इंच वर. दुमडीची शिलाई दोन्हीकडे सारखी, इस्त्रीची घडी सरळ, आणि उजव्या बाजूला आतून एक अशी बारीक चूण घातलेली की घातल्यावर फरक कुणाच्या नजरेला येऊ नये. इतकी वर्षं मी या माणसाकडे कपडे शिवतो. ती चूण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अपिलाखाली मी लिहिलं, सोबत : 1) जुने प्रमाणपत्र, 2) नवे प्रमाणपत्र, 3) आधार, 4) पँट, नग 1.

आवक-जावकच्या खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी तीन कागद मोजले, शिक्के मारले आणि चौथ्या जोडपत्रावर त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

"पुरावा."

"कपडा आवक होत नाही."

"का?"

"शिक्का कुठं मारू?"

मामांनी आतल्या खिशाची पांढरी कापडी बाजू बाहेर काढून दाखवली. पण भाऊसाहेब बधले नाहीत. त्यांचं म्हणणं, फाइलला भोक पाडून दोरा घालावा लागतो. मामा म्हणाले, भोक पाडा, मी काज करून देतो. मागच्या रांगेत हशा पिकला तसे भाऊसाहेब चिडले आणि त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, "ही पँट अर्जदाराचीच आहे, याला काय आधार?"

हा प्रश्न बिनतोड होता. आधार कार्डावर खांद्यापर्यंतच फोटो असतो.

अखेर तडजोड झाली. पँट जमिनीवर पसरायची, शेजारी टेप ठेवायचा, फोटो काढायचा, त्याची झेरॉक्स करायची आणि मामांनी खाली सही करून स्वयंसाक्षांकित करायची. मूळ पँट सुनावणीला हजर करायची. पोच देताना भाऊसाहेबांनी शेरा लिहिला, "मूळ प्रत अर्जदाराच्या ताब्यात."

सुनावणीआधी आम्ही मामांची तालीम घेतली. परीक्षेत जास्तीत जास्त कसं यावं हे मी जन्मभर शिकवलं. कमीत कमी कसं दिसावं हे शिकवायची वेळ पहिलीच. मामी डॉक्टर झाल्या.

"काय मामा, बरं आहे ना?"

"एकदम..." मामांनी जीभ चावली. "बरं हाय."

"बरं न्हाई म्हणायचं!"

"सकाळी सकाळी असं अभद्र कसं बोलू?"

"रात्री पाय दाबून घेताना काय म्हणता? तेच म्हणा."

"ते मोठ्या माणसांपुढं म्हणायचं नसतं," मामा म्हणाले.

मला सगळ्यात कठीण गेलं ते त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीनं चालायला लावणं. घरात रात्री पाणी प्यायला उठतात तसं चाला म्हटलं, तर ते लाजले. मामी सोडून दुसऱ्या कुणी त्यांना तसं चालताना पाहिलं नव्हतं. नाटकं करणाऱ्यांची या देशात टंचाई नाही. चांगले पाय असलेल्यांनी खोटी प्रमाणपत्रं काढून नोकऱ्या पटकावल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांच्यामुळे तपासणी कडक होते हेही मान्य. पण त्या कडक तपासणीत खोटं बोलणारा तयारी करून जातो, आणि ज्याचं खरंच दुखतं तो इस्त्रीचा शर्ट घालून जातो. मी मामांना म्हटलं, शर्ट तरी साधा घाला. ते म्हणाले, टेलरनं चुरगळलेला शर्ट घालून गावाबाहेर जायचं? अडीच हजारांसाठी? शर्टाचा मुद्दा मी सोडून दिला.

निकाल आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. 40 टक्के झाले. वरच्या .22 चं काय झालं हे विचारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पिवळं कार्ड आलं, अनुदान सुरू झालं. मधल्या बंद महिन्यांच्या पैशांचा अर्ज वेगळ्या टेबलावर आहे. प्रमाणपत्रावर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी असं लिहिलंय. लहानपणीच्या पोलिओला सरकारनं पासष्टीनंतर बरं व्हायची एक संधी ठेवली आहे. पण तोवर मामा वयाच्या हिशेबानं श्रावणबाळ योजनेत जातील. तिथे पाय मोजत नाहीत, वर्षं मोजतात.

सांगायचं आहे ते सुनावणीचं. अपिलाचे डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकावर, बोलणं कमी. त्यांनी माझी आकृती, सूत्र, चौकट हे सगळं एका नजरेत बघून बाजूला ठेवलं, त्याचं मला वाईट वाटलं. मग पँटची झेरॉक्स उचलली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली.

"मूळ आणलीय?"

मामांनी पिशवीतून काढून दिली. डॉक्टरांनी टेबलावर पसरून स्वतः मापली. मग मामांना आडवं केलं आणि त्यांचा टेप घेतला. मी दारातून खुणा करत होतो, श्वास सोडा, श्वास सोडा. मामांनी सोडला. त्यांचा पाय जिथे असायचा तिथे आला.

"दोन," डॉक्टर म्हणाले आणि लिहून टाकलं.

आम्ही उठलो. डॉक्टर अजून पँट हातात धरून उजव्या बाजूची ती चूण अंगठ्यानं चाचपत होते. स्वतःच्या पँटच्या ढगळ मोहरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सहज विचारलं,

"मामा, शिलाई किती घेता?"

या प्रश्नाचं उत्तर मामा झोपेतसुद्धा देतात. पण तेव्हा ते एकदम गप्प झाले. माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फाइलकडे पाहिलं, फाइलमधून डोकावणाऱ्या तहसीलदारांच्या गोल शिक्क्याकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाले,

"साहेब, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार."